एम.एससी.चा पहिला ईईजी प्रयोग: प्रश्न ठरवण्यापासून प्रबंध लिहिण्यापर्यंत

कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी महाराष्ट्रातली मुले अलाहाबाद विद्यापीठात, हैदराबाद विद्यापीठात, गांधीनगर किंवा कानपूरच्या आयआयटीत किंवा थेट परदेशात जातात. कुणी मानसशास्त्रातून आलेले असते, कुणी इंजिनिअरिंगमधून, कुणी जीवशास्त्र किंवा भाषाविज्ञानातून. पहिले वर्ष वाचनात आणि परीक्षांत जाते. मग प्रबंधाची वेळ येते आणि बहुतेकांच्या हाती ईईजी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडने मेंदूची विद्युतक्रिया नोंदण्याचे तंत्र, पडतो. एमआरआय स्कॅनरचा तास महाग असतो आणि त्याचे वेळापत्रक रुग्णालयाच्या हातात असते, तर ईईजीचा संच प्रयोगशाळेतच असतो.

इथे एकच प्रयोग घेऊन तो शेवटपर्यंत नेला आहे: कानावर पडणाऱ्या स्वरांमधला दुर्मीळ स्वर ओळखण्याचे काम, म्हणजे ‘ऑडबॉल’. तुमचा विषय वेगळा असला तरी टप्पे हेच राहतील. ज्या टप्प्यावर प्रबंध सर्वाधिक बिघडतात त्याला इथे सर्वात जास्त जागा दिली आहे, आणि तो टप्पा विश्लेषणाचा नाही. प्रयोगाची रचना, ट्रिगरची (स्वर वाजल्याच्या खुणेची) वेळ आणि इलेक्ट्रोडच्या टोपीखालचे जेल या तीन ठिकाणी झालेली चूक पुढे कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही.

स्वतःचा डेटा घेण्याआधी दुसऱ्याचा डेटा सोडवा

‘ईआरपी कोअर’ नावाचा खुला डेटासंच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० जणांच्या नोंदी आहेत, सहा कामे आहेत आणि त्यांतून सात घटक मोजता येतात. घटक म्हणजे एखाद्या घटनेनंतर ठरावीक वेळी ईईजीच्या सरासरीत दिसणारा चढ किंवा उतार; अशा सरासरीला ईआरपी म्हणतात. त्यातले पी३चे (म्हणजे खाली येणाऱ्या पी३००चे) काम उतरवून घ्या आणि कच्च्या फाइलपासून शेवटच्या आलेखापर्यंत स्वतः पोहोचा. मॅटलॅबचा परवाना असेल तर ईईजीलॅब आणि ईआरपीलॅब वापरा. नसेल तर एमएनई-पायथन पूर्ण मोफत आहे आणि त्यात सगळे होते. दोन्ही शिकत बसू नका. तुमच्या प्रयोगशाळेतल्या सीनिअर मंडळींना जे येते ते घ्या, कारण अडल्यावर शेजारच्या टेबलावरून मिळणारे उत्तर सर्वात कामाचे असते.

या सरावाला तीन-चार आठवडे जातात. या काळात सॅम्पलिंगचा दर, नायक्विस्टची मर्यादा, फूरिए रूपांतर आणि फिल्टर नेमके काय करतो, हे समजून घ्यायचे. मानसशास्त्रातून आलेल्यांना हा भाग जड वाटतो, पण तो टाळला की पुढे प्रत्येक पायरीवर बटण का दाबले याचे उत्तर देता येत नाही. इंजिनिअरिंगमधून आलेल्यांची अडचण उलटी असते. सिग्नल त्यांना कळतो, पण प्रयोगाची रचना आणि नियंत्रण यांना ते कमी लेखतात. त्यांनी हेच तीन-चार आठवडे पुढच्या भागावर घालवावेत.

प्रश्न: फरक विचारा, जागा विचारू नका

पी३०० हा घटक सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये नोंदवला. दुर्मीळ आणि कामाशी संबंध असलेली गोष्ट समोर आली की साधारण ३०० ते ६०० मिलिसेकंदांच्या दरम्यान डोक्याच्या मागच्या-मधल्या भागात, विशेषतः पीझेड या इलेक्ट्रोडवर, धन दिशेचा मोठा उंचवटा दिसतो. लक्ष दुसऱ्या कामात गुंतले की हा उंचवटा लहान होतो, हेही जुने आणि पक्के निरीक्षण आहे.

त्यावर आधारलेला, एम.एससी.ला झेपेल असा प्रश्न असा असू शकतो: मनात दोन अंक धरून ठेवले असताना आणि सहा अंक धरून ठेवले असताना दुर्मीळ स्वराला येणारा पी३०० किती वेगळा असतो? यात एकच गोष्ट बदलते, मोजायचा घटक आधीपासून ठाऊक आहे, कोणत्या इलेक्ट्रोडवर आणि कोणत्या वेळेत बघायचे तेही ठाऊक आहे.

‘यात मेंदूचा कोणता भाग काम करतो?’ हा प्रश्न ईईजीला विचारू नका. कवटीवर दिसणारा एकच नकाशा आतल्या असंख्य वेगवेगळ्या स्रोतांतून तयार होऊ शकतो. पीझेडवर उंचवटा सर्वात मोठा आहे म्हणजे स्रोत त्याच्या बरोबर खाली आहे, असे अजिबात नाही. प्रस्तावात हे वाक्य दिसले की परीक्षक तिथेच थांबतात.

दुसरा सापळा उद्दीपकांचा. १००० हर्ट्झचा स्वर नेहमी सामान्य आणि १५०० हर्ट्झचा नेहमी दुर्मीळ ठेवला, तर दिसणारा फरक दुर्मीळपणाचा की स्वराच्या पट्टीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून अर्ध्या सहभागींना एक स्वर लक्ष्य द्या, अर्ध्यांना दुसरा.

भाषेवर काम करणाऱ्यांसाठी इथेच थोडे थांबायला हवे. वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांना ऋण दिशेचा एन४०० मोठा होतो, हे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवले. त्यांच्या इंग्रजी वाक्यांत विसंगत शब्द शेवटी होता. ती रचना मराठीत तशीच उचलता येत नाही, कारण मराठी वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद असते. विसंगत नाम वाक्याच्या मध्ये ठेवावे लागते आणि त्याच्या पुढे निदान दोन शब्द यावे लागतात. याचा फायदाही आहे: शेवटच्या शब्दावर सगळे वाक्य गुंडाळण्याची जी प्रक्रिया चालते ती मोजमापात मिसळत नाही. देवनागरी शब्दांची लांबी जुळवताना युनिकोड चिन्हे मोजू नका. अक्षरे मोजा, आणि पडद्यावरची रुंदी पिक्सेलमध्ये वेगळी तपासा. ‘क्षत्रिय’ आणि ‘बदक’ दोन्ही तीन अक्षरी आहेत, पण डोळ्यांना पडणारे काम सारखे नाही.

आकडे

दुर्मीळ स्वर २० टक्के, म्हणजे पाचात एक. प्रत्येक स्थितीत ६० लक्ष्य स्वर हवेत, म्हणजे एका स्थितीत एकूण ३०० स्वर. दोन स्वरांमधले अंतर १.१ ते १.५ सेकंद, दर वेळी यादृच्छिक. सरासरी १.३ सेकंद धरली तर एका स्थितीला साडेसहा मिनिटे लागतात, दोन्हींना तेरा.

अंतर सारखे ठेवायचे नाही याची दोन कारणे आहेत. एक, ठरावीक ठेक्यावर येणाऱ्या आवाजाची मेंदू वाट बघू लागतो आणि त्या अपेक्षेची हळू चढणारी लाट बेसलाइनमध्ये, म्हणजे स्वराच्या आधीच्या तुलनेच्या पातळीत, मिसळते. दोन, ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी एखाद्या ठरावीक अंतराशी जुळून आल्या, तर सरासरी काढल्यावर त्या नाहीशा होत नाहीत.

६० लक्ष्य स्वर का? सरासरीत गोंगाट चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. एका चाचणीतला गोंगाट २० मायक्रोव्होल्ट धरला तर १५ चाचण्यांनंतर तो सुमारे ५.२ उरतो, ६० नंतर सुमारे २.६. गोंगाट निम्मा करायला चाचण्या चौपट कराव्या लागतात. म्हणून ६० वरून ८० वर जाऊन फारसे हाती लागत नाही. सहभागीचा कंटाळा मात्र वाढतो, आणि कंटाळ्याने पी३०० स्वतःच लहान होतो.

तीस स्वरांचा एक तुकडा करा. त्यात सहा लक्ष्य, आणि दोन लक्ष्यांमध्ये निदान दोन सामान्य स्वर. तुकड्याआधी पडद्यावर दोन किंवा सहा अंक दाखवा, तुकडा संपल्यावर एक अंक दाखवून ‘हा होता का?’ असे विचारा. असा तुकडा सुमारे ४० सेकंदांचा होतो. एका स्थितीचे दहा, दुसऱ्या स्थितीचे दहा, आणि ते आलटून-पालटून. आधी सगळे सोपे आणि मग सगळे अवघड असे केलेत तर तुम्ही ओझे मोजणार नाही, थकवा मोजाल.

उत्तर कसे घ्यायचे? फक्त लक्ष्य स्वराला बटण दाबायला लावले तर हाताच्या हालचालीची विद्युतक्रिया नेमकी पी३००च्या वेळेतच येते. दोन्ही स्वरांना वेगवेगळ्या बोटांनी बटण दाबायला सांगा. हालचाल सगळीकडे सारखी राहते, शिवाय अचूकता आणि प्रतिसादाचा वेळ हातात येतो.

सहभागींची संख्या जी*पॉवर या सॉफ्टवेअरमध्ये काढा. एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींची तुलना, प्रभावाचा आकार ०.५, अल्फा (इथे लहर नव्हे, नसलेला फरक चुकून दिसण्याची मान्य शक्यता) ०.०५, दुबाजू चाचणी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) घेतली तर ३४ जण लागतात. कोणता स्वर लक्ष्य आणि कोणते बोट कशासाठी, अशा चार जोड्या होतात. त्यामुळे चाराने भाग जाणारी संख्या घ्या: ३६, प्रत्येक जोडीत नऊ. काही नोंदी बाद होणारच, म्हणून वापरता येण्याजोग्या ३६ नोंदी होईपर्यंत चालू ठेवायचे, हे आधीच लिहून ठेवा. पाच जणांच्या चाचणीतून प्रभावाचा आकडा काढून त्यावर संख्या ठरवू नका. इतक्या लहान नमुन्यात तो आकडा कुठेही जाऊ शकतो.

नैतिकता समिती

अर्ज लवकर द्या. समितीच्या बैठका ठरावीक अंतरानेच होतात आणि एक दुरुस्ती निघाली की पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते. आयसीएमआरची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचून अर्ज लिहा. संमतीपत्र सहभागीला कळणाऱ्या भाषेत हवे. महाराष्ट्रात प्रयोग करत असाल तर ते मराठीत स्वतंत्रपणे लिहा. इंग्रजी मसुद्यावरून शब्दाला शब्द ठेवून केलेले संमतीपत्र कुणाला समजत नाही. त्यात चार गोष्टी ठळक असाव्यात: यंत्र डोक्यात वीज सोडत नाही, फक्त नोंद घेते, ही वैद्यकीय तपासणी नाही आणि यातून आजाराचे निदान होणार नाही, केसांना जेल लागेल आणि धुवावे लागेल, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, थांबता येईल. स्वतःच्या वर्गातल्या ज्युनिअरना बोलावताना ते संकोचाने हो म्हणत नाहीत ना, हे बघणे तुमचे काम आहे.

ट्रिगरची वेळ: इथे एक पूर्ण दिवस द्या

स्वर वाजला त्या क्षणी ईईजीच्या नोंदीत एक खूण पडते, तो ट्रिगर. पुढची सगळी सरासरी या खुणेवर बेतलेली असते. प्रयोग चालवणाऱ्या सायकोपाय किंवा सायकटूलबॉक्स या सॉफ्टवेअरने ‘आता स्वर वाजव’ असा आदेश देणे आणि कानात स्वर प्रत्यक्ष पोहोचणे यांत साउंड कार्डामुळे उशीर होतो. हा उशीर नेहमी सारखा असेल तर चिंता नाही, नंतर तेवढा वजा करता येतो. तो दर वेळी बदलत असेल तर मात्र सरासरी पसरट होते आणि ती परत आणता येत नाही. १०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारा अरुंद एन१ घटक आधी पुसट होतो. पी३०० रुंद असल्याने तग धरतो, त्यामुळे काही बिघडले आहे हे लक्षातही येत नाही.

तपासायचे असे. हेडफोनची वायर सहभागीच्या कानाऐवजी ॲम्प्लिफायरच्या सहायक वाहिनीला योग्य अडॅप्टरमधून जोडा. शंभर स्वर वाजवा. प्रत्येक ट्रिगर आणि ध्वनीची सुरुवात यांतले अंतर मिलिसेकंदांत काढा, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन लिहा. विचलन एक-दोन मिलिसेकंदांत असेल तर पुढे जा. दहाच्या वर असेल तर ध्वनीचा ड्रायव्हर आणि बफरचा आकार बदला आणि पुन्हा मोजा. ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी कधीही वापरू नका. दृश्य उद्दीपक असतील तर पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन दाखवून त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) लावा. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो, त्यामुळे ‘१०० मिलिसेकंद दाखव’ म्हटले तरी तो सहा फ्रेम दाखवणार, हे गणित वेळा ठरवतानाच करावे लागते.

ट्रिगरचा स्पंद १० मिलिसेकंदांचा ठेवा आणि नंतर शून्यावर आणा. नोंदीचा दर ५०० हर्ट्झ असेल तर दर दोन मिलिसेकंदांनी एक नमुना घेतला जातो. एक मिलिसेकंदाचा स्पंद दोन नमुन्यांच्या मधे हरवून जातो आणि मग ६० पैकी ४१ खुणाच सापडतात. कोड १ ते २५५ पर्यंत असतात. दशकाने स्थिती आणि एककाने स्वर अशी पद्धत ठेवा: २१ म्हणजे दोन अंक, सामान्य स्वर, २२ म्हणजे दोन अंक, लक्ष्य, ६१ आणि ६२ तसेच. सहभागीचे उत्तर आणि त्याची अचूकता यांनाही कोड द्या.

स्वर १०० मिलिसेकंदांचा असावा, सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा मिलिसेकंदांची चढ-उतार असावी. ती नसली की स्वराच्या टोकाला ‘टक्’ असा आवाज येतो आणि मेंदू स्वराऐवजी त्या आवाजाला प्रतिसाद देतो.

केस, तेल आणि जेल

सहभागीला आदल्या दिवशी संदेश पाठवा: केस शाम्पूने धुऊन, कोरडे करून या, कंडिशनर नको, आणि तेल अजिबात नको. खोबरेल तेलाचा पातळ थर त्वचेवर असला की कितीही जेल घातले तरी इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युत अडथळा, उतरत नाही. काहीजण सवयीने धुतल्यावरही दोन थेंब लावून येतात, म्हणून प्रयोगशाळेत शाम्पू, टॉवेल आणि ड्रायर ठेवावा. डोके झाकणारे वस्त्र किंवा पगडी काढावी लागणार असेल तर ते आधी सांगा, बंद खोली द्या आणि टोपी कोण लावणार हे विचारून ठरवा.

भुवयांच्या वर घेर मोजा: ५४, ५६ की ५८ सेंटिमीटर. दोन मापांच्या मधे असेल तर लहान टोपी घ्या, सैल टोपीतले इलेक्ट्रोड त्वचेपासून उचलले जातात. मग नाकाच्या मुळाच्या खळगीपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. हे अंतर ३६ सेंटिमीटर आले तर सीझेड, म्हणजे डोक्याच्या मध्यावरचा इलेक्ट्रोड, बरोबर १८ वर यायला हवा आणि कपाळावरची पहिली ओळ खळगीपासून ३.६ सेंटिमीटर वर. ‘१०–२०’ पद्धतीतले दहा आणि वीस हे याच अंतराचे टक्के आहेत. एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्या कानासमोरच्या खळगीपर्यंतही मोजा, सीझेड तिथेही मध्यावर हवा. टोपी एक सेंटिमीटर तिरकी बसली की डावी-उजवी तुलना बिनकामाची होते.

आता एक इलेक्ट्रोड. बोथट सुईची सिरिंज छिद्रातून आत घाला आणि सुईच्या टोकाने केस हळूच बाजूला सारा, त्वचा दिसली पाहिजे. टोक त्वचेवर टेकवून दोन-तीन वेळा गोल फिरवा, मृत पेशींचा वरचा थर निघतो. दाबायचे नाही, ओरखडा काढायचा नाही. सहभागीने ‘दुखतंय’ म्हणायच्या आत थांबायचे. मग जेल सोडत सुई वर आणा, म्हणजे त्वचेपासून इलेक्ट्रोडपर्यंत जेलचा अखंड खांब तयार होतो. छिद्राच्या तोंडाशी जेल दिसले की पुरे. पडद्यावर आकडा लगेच उतरत नाही, मिनिटभर थांबा. साध्या इलेक्ट्रोडना ५ किलोओहमच्या खाली आणा. ॲक्टिव्ह (आतच छोटा ॲम्प्लिफायर असलेल्या) इलेक्ट्रोडना २० ते २५ पर्यंत चालते. नवशिके घाईत पुन्हा पुन्हा जेल भरतात, ते टोपीखाली पसरते आणि शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले जातात. त्या दोघांचे आकडे उत्तम दिसतात, पण दोघे एकच सिग्नल देत असतात.

सर्वात आधी ग्राउंड आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो इलेक्ट्रोड) करा. त्यांपैकी एक जरी बिघडलेला असला तरी ३२ वाहिन्या एकदम वाईट दिसतात. दोन्ही कानांमागच्या हाडांवर, डोळ्यांच्या बाहेरच्या कडांवर आणि एका डोळ्याखाली सुटे इलेक्ट्रोड लावा. तिथली त्वचा स्पिरिटने पुसून घ्या. कपाळावरची टिकली आणि मेकअप काढायला सांगा. ३२ वाहिन्यांना सराव झाल्यावर अर्धा तास लागतो, सुरुवातीला तासभर धरा.

नोंदणी चालू असताना

खोली थंड हवी. घाम आला की त्वचेचा विभव हळूहळू सरकतो आणि सगळ्या रेषा लाटांसारख्या वर-खाली होतात. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये एसीशिवाय नोंदणी करणे व्यर्थ आहे. वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट दिसला तर आधी इमारतीचे अर्थिंग, मग ट्यूबलाइटचा चोक, मग मोबाइल आणि लॅपटॉपचा चार्जर तपासा. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टरवर चालू असताना घेतलेली नोंद वेगळी नोंदवून ठेवा, कारण काही इन्व्हर्टरचा वीजप्रवाह खडबडीत असतो आणि त्याच्या खुणा ५० हर्ट्झच्या पटींत दिसतात.

मग सहभागीला पडद्यासमोर बसवा आणि त्यालाच रेषा दाखवा. दात आवळायला सांगा, पापणी मिटायला सांगा. एका पापणीच्या उघडझापीने कपाळावरच्या वाहिनीत १०० मायक्रोव्होल्टपेक्षा मोठा सुळका येतो, आणि तुम्ही शोधत असलेला फरक दोन-चार मायक्रोव्होल्टचा असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की सूचना वेगळ्या द्याव्या लागत नाहीत. पापण्या मिटूच नका असे मात्र सांगू नका. पापण्या रोखून धरणे हेच एक जास्तीचे काम होते, आणि आपला प्रयोग तर जास्तीच्या कामाचाच आहे. तुकड्यांच्या मध्ये भरपूर मिटा, स्वरावर शक्यतो नको, एवढेच सांगा.

शेवटी डोळे मिटायला लावून अर्धा मिनिट नोंद घ्या. मागच्या इलेक्ट्रोडवर १० हर्ट्झच्या आसपास अल्फाची ठळक लय दिसायला हवी. ती वेगळ्याच जागी दिसली तर वाहिन्यांच्या वायर उलटसुलट लागल्या आहेत. काही जणांत अल्फा मुळातच क्षीण असते, म्हणून एकट्या व्यक्तीवरून निष्कर्ष काढू नका.

प्रत्येक नोंदीसाठी वहीत एक पान ठेवा: वेळ, टोपीचे माप, वाईट वाहिन्या, झोप किती झाली, चहा-कॉफी कधी घेतली, कुठल्या तुकड्यात दार वाजले. सहा महिन्यांनी हेच पान वाचवते.

टोपी लगेच कोमट पाण्यात, सौम्य शाम्पूने आणि मऊ ब्रशने धुवा. कनेक्टर पाण्यात जाऊ देऊ नका. ब्लीचने इलेक्ट्रोडवरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर खराब होतो. वाळलेले जेल खरवडून काढायची वेळ आली म्हणजे टोपीचे आयुष्य कमी झालेच.

विश्लेषण, क्रमाने

सलग नोंदीवर ०.१ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याहून मंद लाटा काढणारा) लावा. प्रत्येक स्वराभोवतीचे छोटे तुकडे (एपॉक; तीस स्वरांचे तुकडे नव्हेत) पाडल्यावर फिल्टर लावला तर प्रत्येक तुकड्याच्या कडांवर विकृती येते. रेषा स्वच्छ दिसतात म्हणून हाय-पास १ हर्ट्झवर नेण्याचा मोह होतो. पण पी३०० स्वतः मंद लाट आहे. एवढ्या कडक फिल्टरने ती खुजी होते आणि तिच्या आधी-नंतर उलट दिशेचे खोटे उंचवटे तयार होतात. अशा खोट्या उंचवट्याला नवा घटक समजून त्यावर चर्चेचे पान लिहिणे सहज घडते.

डोळ्यांचा भाग काढायला आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी गणिती पद्धत) लागतो आणि तो १ हर्ट्झच्या फिल्टरवर चांगला चालतो. मार्ग असा: नोंदीची एक प्रत १ हर्ट्झवर फिल्टर करा, आयसीए तिच्यावर चालवा आणि मिळालेले भारांक मूळ ०.१ हर्ट्झच्या नोंदीला लावा. मेलेल्या वाहिन्या आधी बाजूला काढा आणि आयसीएनंतर शेजारच्यांवरून भरा. आधी भरल्या तर ती वाहिनी इतरांचीच बेरीज असते, डेटाची रँक (स्वतंत्र वाहिन्यांची संख्या) घटते आणि आयसीए विचित्र घटक देतो. पापणीचा एक आणि आडव्या नजरेचा एक, एवढे घटक बहुधा पुरतात. दहा घटक काढावे लागत असतील तर नोंदच वाईट आहे.

मग दोन्ही कानांमागच्या इलेक्ट्रोडच्या सरासरीवर रेफरन्स बदला. स्वराच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ८०० नंतरपर्यंत तुकडे पाडा, आधीच्या २०० वरून बेसलाइन वजा करा. ज्या तुकड्यांत कुठेही ±१०० मायक्रोव्होल्टची मर्यादा ओलांडली ते टाका. लक्ष्यानंतर लगेच आलेला सामान्य स्वरही टाका, त्यावर आधीच्या पी३००ची शेपटी असते. एखाद्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक चाचण्या गेल्या तर तो सहभागी बाद, हा नियम डेटा बघण्याआधीच ओएसएफवर (संशोधनाचा आराखडा आधी नोंदवता येणाऱ्या खुल्या संकेतस्थळावर) नोंदवून ठेवलेला असावा.

मापन म्हणून पीझेडवर ३०० ते ६०० मिलिसेकंदांची सरासरी उंची घ्या. सर्वोच्च टोक घेऊ नका. गोंगाट जितका जास्त तितके टोक आपोआप उंच सापडते, त्यामुळे कमी चाचण्या उरलेली स्थिती मोठी भासते. सरासरी उंचीत हा पक्षपात नसतो.

आकडेवारी आणि लिखाण

दोन्ही भारांखाली (दोन अंक आणि सहा अंक) लक्ष्य वजा सामान्य हा फरक प्रत्येकासाठी काढा आणि जोडीची टी-चाचणी लावा. एवढेच मुख्य विश्लेषण. एकूण सरासरीचा आलेख बघून जिथे अंतर जास्त दिसते ती वेळ आणि तो इलेक्ट्रोड निवडला, तर ३२ वाहिन्या आणि शेकडो वेळबिंदूंमध्ये काही ना काही ‘सिग्निफिकंट’ सापडतेच. शोध घ्यायचा असेल तर क्लस्टर-आधारित पर्म्युटेशन चाचणी (शेजारच्या वेळा आणि वाहिन्या एकत्र तपासणारी) वापरा आणि ते शोधात्मक आहे असे लिहा. त्या चाचणीवरून ‘फरक २८० मिलिसेकंदांना सुरू झाला’ असे म्हणता येत नाही. दोन स्थिती कुठे तरी वेगळ्या आहेत, इतकेच ती सांगते.

आलेखात धन दिशा वर आहे की खाली हे अक्षावर लिहा, कारण या क्षेत्रात दोन्ही रूढी आहेत. रेषेभोवती विश्वासपट्टा द्या आणि ३६ जणांचे ३६ ठिपके वेगळे दाखवा. पी३०० लहान झाला तर ‘सहा अंक धरताना स्वराकडे दिलेली साधने कमी पडली, या कल्पनेशी हे सुसंगत आहे’ इथपर्यंत जाता येते. पी३०० अनेक कारणांनी घटतो, त्यामुळे त्यावरून उलटे जाऊन ‘स्मरण भरले’ असे म्हणता येत नाही. अचूकता आणि प्रतिसादाचा वेळ शेजारीच मांडा: सहा अंकांच्या स्थितीत लोकांनी स्वरांकडे दुर्लक्षच केले असेल तर ते तिथे दिसेल आणि अर्थ बदलेल.

पद्धतीच्या प्रकरणात रेफरन्स कोणता, फिल्टरचे दोन्ही आकडे आणि उतार, किती घटक काढले, प्रत्येक स्थितीत सरासरी किती चाचण्या उरल्या आणि किती सहभागी का बाद झाले, हे सगळे आकड्यांत लिहा. तोंडी परीक्षेत प्रश्न इथेच येतात. कच्च्या फाइलमधून नावे काढा, बिड्स (मेंदूच्या नोंदी मांडण्याची ठरलेली रचना) पद्धतीच्या फोल्डरमध्ये ठेवा, सांकेतिक क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवा, आणि विश्लेषणाची स्क्रिप्ट प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. प्रबंध त्यानंतर जमा करा.